तापवून दिलेला रंग डागाळतो: दोष धातूत आहे की आचेत, हे आधी ओळखा

पोलादाचा तुकडा तापवला की पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग ओळीनं चढतात. ऐकायला सोपं, पण तक्रारी ठरलेल्या असतात. अर्ध्या भागावर सुरेख निळा आणि उरलेल्यावर तपकिरी ढग. स्क्रूच्या खाचेतून निघून डोक्यावर पसरलेले ओघळ. किंवा हवा तो निळा क्षणभर दिसतो आणि गॅसची टॉर्च बाजूला नेईपर्यंत करडा होऊन जातो. घासून पुन्हा तापवावं, तर डाग पुन्हा हजर.

अशा वेळी बहुतेकांचा हात आधी टॉर्चकडे जातो: ज्योत लहान करा, मोठी करा, लांब धरा. त्यात बराच गॅस जाळून होतो. त्याआधी एक साधी चाचणी करावी. डागाळलेल्या तुकड्याचा फोटो काढून ठेवा, रंग पूर्ण घासून काढा, नेहमीप्रमाणे साफ करा आणि या वेळी तुकडा उलट दिशेनं, म्हणजे १८० अंशांत फिरवून तापवा. डाग तुकड्यावर त्याच जागी आला, तर दोष धातूच्या पृष्ठभागात आहे. डाग सरकला आणि ज्योतीच्या किंवा तव्याच्या त्याच बाजूला पुन्हा दिसला, तर दोष आचेत आहे. डाग दर वेळी नव्याच जागी येत असेल, तर बहुधा सफाई आणि हाताळणी कमी पडते आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

रंग म्हणजे नेमकं काय

हा रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे. तापलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, काही दहा नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). थराच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि थराच्या जाडीप्रमाणे वेगवेगळा रंग दिसतो. म्हणजे आपण रंगवत नसतो, तर जाडी वाढवत असतो. इतक्या पातळ थराला बोटाचा ठसाही आड येतो, हे एकदा लक्षात आलं की पुढची निम्मी काळजी का घ्यायची ते वेगळं सांगावं लागत नाही.

साध्या कार्बन पोलादासाठी ढोबळ तापमानं अशी:

फिका गवती पिवळा: सुमारे २२० अंश सेल्सिअस
गडद पिवळा: २४०
तपकिरी: २५५ ते २६०
जांभळा: २७० ते २८०
गडद निळा: २९० ते ३००
फिका निळा: ३१० ते ३२०
करडा: ३३० च्या पुढे

हे आकडे काही मिनिटं तापवण्यासाठी आहेत. थर वेळेबरोबरही वाढतो. गडद पिवळ्याच्या तापमानावर तासभर ठेवलं, तर रंग तपकिरी किंवा त्याच्याही पुढे जातो. त्यामुळे 'तापमान बरोबर होतं, तरी रंग चुकला' या तक्रारीत पहिला प्रश्न 'किती वेळ' हाच विचारावा.

आणखी एक फसवणूक तापमान मोजण्याची. लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खूप कमी आकडा दाखवतो, कारण पॉलिश केलेला पृष्ठभाग उष्णता फारशी बाहेर टाकतच नाही. वर ऑक्साइड बसत गेलं की आकड्यातली चूकही बदलत जाते. तव्याला टेकवलेलं थर्मोकपल, म्हणजे स्पर्शानं तापमान मोजणारी तारांची जोडी, वापरा. ते नसेल तर त्याच पोलादाचा पॉलिश केलेला एखादा निरुपयोगी तुकडा शेजारी ठेवून त्याच्या रंगावरून अंदाज घ्या. अनेकदा हा तुकडाच यंत्रापेक्षा खरं बोलतो.

डाग त्याच जागी येतो: पृष्ठभाग

गरम लाटून बनवलेल्या पट्टीवर काळसर पापुद्रा असतो. तो घासून पूर्ण काढावा लागतो. वरून चमक आली तरी खोलगट जागी पापुद्र्याचे कण राहतात आणि तिथे रंग धरत नाही. पॉलिश पेपर २४० किंवा ४०० ग्रिटपासून (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका पेपर बारीक) सुरू करा, मग ६००, ८००, १०००, हवं तर २०००. प्रत्येक टप्प्यात आधीच्या पेपरचे चरे पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि दर टप्प्याला घासण्याची दिशा ९० अंशांनी बदला. म्हणजे जुने चरे नव्या चऱ्यांना आडवे दिसतात आणि राहिले असतील तर लपत नाहीत. शेवटचे हात मात्र एकाच दिशेनं. राहिलेला एक जाड चरा पिवळ्यात दिसत नाही. निळ्यात तो रेघेसारखा उठून येतो.

पेपर लाकडाच्या किंवा काचेच्या सपाट आधारावर ठेवून घासा. बोटानं दाबून घासलं की कडा गोल होतात, आणि गोल झालेल्या कडेवरून प्रकाश वेगळ्या कोनातून परततो. मग रंग सारखा असूनही कडेला वेगळा पट्टा दिसतो.

पोलादाची जातही महत्त्वाची. जास्त कार्बनचं, कडक केलेलं आणि नीट पॉलिश केलेलं पोलाद सर्वात स्वच्छ निळं होतं. माइल्ड स्टीलवरही, म्हणजे कमी कार्बनच्या साध्या पोलादावरही, रंग येतो, फक्त थोडा मऊ आणि कमी खोल. लेथवर झटपट कापलं जावं म्हणून गंधक किंवा शिसं घातलेलं पोलाद मात्र त्रास देतं: बारीक ठिपके आणि आडवेतिडवे पट्टे, कितीही घासा. तयार स्वस्त स्क्रूंमध्ये हे पोलाद बरंच असतं. एकाच डब्यातल्या सगळ्या स्क्रूंवर सारखेच ठिपके येत असतील तर हट्ट सोडा आणि पोलाद बदला.

वेल्ड केलेल्या किंवा एका टोकालाच कडक केलेल्या भागांवर जोडाच्या आसपास वेगळा पट्टा हमखास येतो. तिथला धातूच वेगळा झालेला असतो. घासून तो जात नाही. सजावटीची रचनाच अशी करावी की पट्टा खटकणार नाही.

डाग जागा बदलतो: तेल, मेण, घाम

ही सर्वात जास्त आढळणारी चूक आहे, आणि करणाऱ्याला ती शेवटपर्यंत पटत नाही, कारण तुकडा डोळ्यांना लख्ख दिसत असतो. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, पाण्याची परीक्षा घ्या. साफ केलेल्या तुकड्यावर डिस्टिल्ड पाणी ओता. पाणी एकसंध चादरीसारखं पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंब झाले, तर जिथे फाटलं तिथे तेल आहे. परीक्षा झाली की लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन वाळवा. ओलं पोलाद गंजायला फार वेळ घेत नाही.

सफाईचा क्रम असा ठेवा. भांडी धुण्याचा द्रवसाबण आणि गरम पाणी घेऊन मऊ ब्रशनं घासा. भरपूर पाण्यानं धुवा. मग असिटोननं पुसा, आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्या आणि दर फेरीला त्याचा नवा भाग वापरा. एकाच बोळ्यानं सगळं पुसलं की तेल निघत नाही, फक्त सगळीकडे सारखं पसरतं. यानंतर तुकड्याला उघडा हात लावायचा नाही. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाला आणि स्वच्छ चिमटा वापरा. चिमट्याची टोकंही असिटोननं पुसा. ती बहुधा विसरली जातात.

स्क्रूच्या खाचेतून येणाऱ्या ओघळांचं कारण इथेच आहे. बफिंगच्या, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चमकवण्याच्या, साबणात मेण आणि चरबी असते. ती खाचेच्या तळाशी, भोकांत आणि आट्यांच्या मुळाशी दडून बसते. थंड असताना दिसत नाही, साध्या पुसण्यानं निघत नाही. तुकडा तापला की पातळ होऊन बाहेर झिरपते आणि नुकत्याच चमकवलेल्या डोक्यावर जीभ काढल्यासारखा तपकिरी डाग ओढत जाते. खाच टोकदार लाकडी काडीनं कोरून काढा, साबणाच्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा, परत काडी फिरवा, मग असिटोन. जमत असेल तर बफिंगचा साबण टाळून शेवटची चमक बारीक पॉलिश पेपरनं किंवा डायमंड पेस्टनं आणा. डायमंड पेस्टही धुऊन काढावी लागतेच, पण ती अशी चिकटून बसत नाही.

पॉलिश आणि तापवणं यांत जास्त वेळ जाऊ देऊ नका. सकाळी पॉलिश करून संध्याकाळी तापवायचं असेल, तर मध्ये एकदा बारीक पेपरचा हलका हात आणि पुन्हा पूर्ण सफाई करावी.

डाग ज्योतीच्या बाजूला येतो: आच

टॉर्चची ज्योत थेट दर्शनी बाजूवर मारणं हा सर्वात वाईट मार्ग. कारणं तीन. ज्योतीच्या टोकाशी तापमान हजाराच्या वर असतं आणि आपल्याला काम करायचं असतं वीस अंशांच्या फरकात. पिवळसर, कमी हवेची ज्योत काजळी सोडते. तिसरं कारण लक्षात येत नाही: गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि थंड धातूवर ती दवासारखी धरते. पहिल्या काही सेकंदांत चमकत्या पृष्ठभागावर एक धुकट वर्तुळ येऊन जातं, ते हेच. ते वाळताना राहिलेल्या कडा पुढे निळ्यात उमटतात.

उपाय असा: आधी तुकडा शंभर-एकशेवीस अंशांपर्यंत कोरड्या उष्णतेनं, म्हणजे हॉट प्लेटवर किंवा हॉट एअर गननं तापवून घ्या. ओल गेली की पुढचं काम. आणि आच नेहमी खालून, मध्ये काहीतरी जाड ठेवून.

लहान भागांसाठी घड्याळजींची जुनी पद्धत आजही सर्वात भरवशाची आहे. पितळेचा किंवा तांब्याचा पत्र्याचा उथळ ट्रे घ्या, त्यात पितळेचा कोरडा, तेलविरहित कीस पाच ते दहा मिलिमीटर जाडीनं पसरा आणि खालून स्पिरिटचा दिवा किंवा लहान ज्योत लावा. कीस उष्णता सारखी वाटून देतो आणि वाकड्या भागालाही सगळीकडून टेकतो. घड्याळाचा काटा असेल तर तो किसावर सपाट ठेवा. स्क्रू असेल तर आट्या किसात आणि डोकं वर. लेथखालचा कीस सरळ उचलून वापरू नका. त्यात कापताना वापरलेलं तेल असतं. आधी असिटोननं धुवा, वाळवा, मग एकदा रिकामाच तापवून धूर निघत नाही ना ते बघा. बारीक कोरडी वाळूही चालते, पण ती उष्णता हळू देते आणि नरम पोलादावर ओरखडे पाडते.

कीस नसेल तर हॉट प्लेटवर आठ-दहा मिलिमीटर जाडीची पोलादी किंवा पितळी पट्टी ठेवा आणि तुकडा तिच्यावर. स्क्रूंसाठी पट्टीत आट्या सैल बसतील अशी भोकं पाडली की डोक्याखालचा भाग पट्टीला नीट टेकतो. पातळ पत्रा थेट हॉट प्लेटवर ठेवला तर आतल्या कॉइलचा आकार त्याच्यावर छापला जातो.

पातळ टोक आणि जाड बूड असलेला भाग, उदाहरणार्थ काटा किंवा पात्याच्या आकाराचा दागिना, यात रंग नेहमी टोकाकडून पुढे पळतो. अशा भागाचं जाड बूड आचेवर ठेवा, टोक आचेबाहेर. उष्णता बुडातून टोकाकडे चालत जाऊ द्या. टोक तरीही पुढे जायला लागलं तर चिमट्याच्या थंड टोकानं क्षणभर धरून त्याला मागे ठेवता येतं.

ओव्हनमध्ये मोठे किंवा बरेच भाग एकदम होतात. मात्र घरगुती ओव्हन बहुधा २५० अंशांना थांबतो, म्हणजे सहज मिळतात ते पिवळे आणि तपकिरी रंग. जास्त वेळ ठेवून जांभळ्याकडे नेता येतं, निळ्यासाठी तो अपुराच. शिवाय ओव्हनची आच चालू-बंद होत वरखाली होते. आत जाड पोलादी पाट ठेवून तासभर तापू द्या आणि भाग त्याच्यावर ठेवा. मग चढउतार बराच दबतो.

पिवळ्यावर थांबा

सगळ्या प्रक्रियेत एकच सवय लावायची असेल तर ही: पहिला फिका पिवळा दिसला की आच कमी करून तुकडा सगळीकडून बघा. पिवळा सारखा असेल तर निळाही सारखा येईल. पिवळ्यातच ढग असतील तर ते पुढे जाऊन मिटत नाहीत, आणखी ठळक होतात. तिथेच काम थांबवा. पिवळा थर फार पातळ असल्यानं २००० ग्रिटच्या दोन-चार हातांत निघतो. निळा झाल्यावर तोच दोष काढायला चौपट मेहनत.

पिवळ्यापर्यंत सावकाश आणि पुढे आणखी सावकाश जा. लहान स्क्रूला पिवळ्यापासून निळ्यापर्यंत तीन ते पाच मिनिटं मिळतील इतकी आच ठेवा. टॉर्चनं हे अंतर काही सेकंदांत संपतं, म्हणूनच निळा हातातून निसटतो.

निळा येऊन पळतो

आच काढली तरी तुकडा लगेच थंड होत नाही. ट्रे, पट्टी, कीस, सगळे तापलेले असतात आणि उष्णता देत राहतात. त्यामुळे गडद निळा हवा असेल तर जांभळा संपून निळ्याची पहिली झाक आली की तुकडा उचला आणि थंड, जाड धातूच्या ठोकळ्यावर ठेवा. पातळ काटे तिथल्या तिथे थांबतात. जाड भाग पाण्यात किंवा पातळ तेलात बुडवता येतात. नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग राहतात म्हणून डिस्टिल्ड पाणी घ्या. तेलात बुडवताना भांडं धातूचं, शेजारी झाकण आणि ज्योत बंद.

रंग कमी पडला तर काही बिघडत नाही. हात न लावता तोच तुकडा पुन्हा तापवला की रंग जिथे थांबला होता तिथून पुढे सरकतो. पुढे गेलेला रंग मात्र थंड करून मागे येत नाही, कारण जाड झालेला थर पातळ होत नाही. म्हणून चुकायचंच असेल तर अलीकडे चुका.

चुकलेला रंग काढण्यासाठी एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं. तुकडा बुडवून दर मिनिटाला बघा, रंग गेला की लगेच काढा. जास्त वेळ राहिला तर चमक जाऊन पृष्ठभाग राखाडी होतो. नंतर पाण्यानं धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा, अल्कोहोलनं वाळवा आणि शेवटच्या ग्रिटचा हात द्या. कडक स्प्रिंगला ॲसिडमध्ये घालू नका. ॲसिडमधून पोलादात हायड्रोजन शिरतो आणि स्प्रिंग ताणाखाली तुटू शकते. तिथे पेपरच बरा.

स्टेनलेस, टायटॅनियम, तांबं

स्टेनलेसवर तेच रंग, पण बऱ्याच वरच्या तापमानांना येतात: फिका पिवळा २९० च्या आसपास, तपकिरी ३९०, गडद जांभळा ४५०, निळा ५४०, गडद निळा ६००. साध्या पोलादाचा तक्ता धरून 'रंगच येत नाही' म्हणणाऱ्यांची अडचण इथे असते. दुसरी अडचण म्हणजे स्टेनलेसमधून उष्णता माइल्ड स्टीलच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानंच वाहते, म्हणून ज्योत लागली तिथे गोल डाग आणि भोवती इंद्रधनुष्य. एकसारखा रंग हवा असेल तर भट्टीच हवी. ते इंद्रधनुष्यच हवं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते छान दिसतं. रंगवलेलं स्टेनलेस आधीइतकं गंजाला तोंड देत नाही, म्हणून सतत ओल्या राहणाऱ्या जागी ते वापरू नये.

टायटॅनियमचे रंग सर्वात भडक येतात आणि सफाईची मागणीही सर्वात कडक असते. त्याचा कीस आणि बारीक भुकटी पेट घेते, तेव्हा घासलेली भुकटी साठू देऊ नका. तांब्याचे रंग इतक्या झपाट्यानं सरकतात की सारखेपणाचा नाद सोडून आचेचे पट्टेच नक्षी म्हणून घ्यावेत.

काय तापवायचं नाही

जस्ताचा मुलामा असलेले नटबोल्ट आणि पत्रे तापवू नका. त्याच्या धुरानं थंडी-ताप भरतो. कॅडमियमचा मुलामा त्याहून कितीतरी घातक असतो. मुलामा कशाचा आहे हे नक्की ठाऊक नसेल तर तो भाग बाजूला ठेवा. क्लोरिन असलेल्या ब्रेक क्लीनरनं पुसलेला भागही आचेजवळ नेऊ नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. दोन्हीकडून बंद पोकळ नळी तापवली तर फुटू शकते. असिटोनची बाटली ज्योत पेटवण्याआधी खोलीबाहेर जाऊ द्या.

कडक केलेल्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, हेही ध्यानात ठेवा. निळ्यापर्यंत नेलेली सुरीची धार मऊ होते, बेअरिंग निकामी होतं. भार पेलणारा बोल्ट, ब्रेकचा भाग किंवा स्टिअरिंगचा भाग शोभेसाठी तापवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि तीनशे अंशांचं पोलाद लाल दिसत नाही. निळा स्क्रू गार झालेल्या स्क्रूसारखाच दिसतो, तेव्हा तो ठेवायची एकच जागा ठरवून ठेवा.

लॅकर दिल्यावर रंग मेला

हा थर गंजापासून फारसं रक्षण करत नाही, म्हणून वर काहीतरी द्यावंच लागतं. पण जाड पारदर्शक लॅकर दिलं की निळा फिका आणि मातकट होतो. हवेऐवजी लॅकर थराला टेकल्यामुळे वरून परतणारा प्रकाश कमी होतो आणि रंगाची धार जाते. तुकडा पन्नास-साठ अंशांपर्यंत कोमट करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि गार झाल्यावर मऊ कापडानं पुसा. मेणानंही रंग किंचित गडद होतो, म्हणून नमुन्याशी जुळवणी करताना नमुन्यालाही मेण लावलेलं असू द्या.

जुळवणी पांढऱ्या, पसरट उजेडात करा. पिवळ्या दिव्याखाली फिका पिवळा थर दिसतच नाही आणि तुम्ही नकळत पुढे जाता. आरशासारखं पॉलिश केलेला निळा स्क्रू समोर काळोख असेल तर काळा दिसतो. त्याच्यासमोर पांढरा कागद तिरका धरला की खरा रंग कळतो. एकाच कामातले चार किंवा सहा स्क्रू शक्यतो एकाच पोलादाचे, एकाच पेपरनं घासलेले आणि एकाच ट्रेमध्ये बरोबर तापवलेले असावेत. ट्रेच्या मधले आधी तयार होतात, ते एकेक करून उचला आणि कडेचे मध्ये सरकवा.